जाय, देखी ये

बाईंनी मला गृहपाठ दिलाय. माझं वय आता पंचेचाळीसच्या पुढे, घरात बारावीतला मुलगा, मी स्वतः शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते, आणि तरी मंगळवारी संध्याकाळी बाई म्हणाल्या, "मी कशी दिसते ते लिहून आण," आणि मी मुकाट्याने मान डोलावली. मान डोलावलेली त्यांना दिसत नाही हे नंतर लक्षात आलं, तेव्हा तोंडाने "हो बाई" म्हटलं.

बाईंना काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर गेली, उरलीय ती थेंब घालून जितकी टिकेल तितकी. आता त्यांना उजेड कळतो, अंधार कळतो, दारात कोणी उभं राहिलं तर कोणीतरी उभं आहे एवढं कळतं. पुण्याला त्यांचा भाचा असतो, भावाचा मुलगा. तो गेलं वर्षभर मागे लागलाय की आत्या, आता हा क्लास बंद कर आणि माझ्याकडे चल. बाई नाही म्हणत होत्या. मंगळवारी मात्र पोरं गेल्यावर मला थांबवून म्हणाल्या, "आरशात मला नुसतं धुकं दिसतं. भाचा म्हणतो, आत्या थकलीस. त्याला मला न्यायचंच आहे, तो दुसरं काय म्हणणार? पोरं म्हणतात, बाई तुम्ही एकदम मस्त दिसता. त्यांना मार्क हवेत. तू लिही, पण खरं लिही. थकलेली दिसत असेन, तर क्लास बंद करून जाते मी पुण्याला."

आता सांगा, असला गृहपाठ कोणी कोणाला देतं का? पण बाईंनी आयुष्यभर असलेच गृहपाठ दिले.

सातपूर कॉलनीत मेडिकल आणि टेलर यांच्या मधल्या गाळ्यात बाईंचा इंग्रजीचा क्लास. बाहेर बोर्ड नाही. आत सतरंज्या, एक फळा, कोपऱ्यात ओटा आणि गॅस, आणि मागच्या खोलीत बाईंचा संसार, म्हणजे एक कॉट, एक कपाट आणि पुस्तकं. बाई मूळच्या नामपूरकडच्या. शाळेत नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि का नाही केलं हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. इंग्रजी बोलायच्या ती स्वच्छ, सावकाश. मराठी बोलायच्या ती चारचौघांसारखी. राग आला की मात्र थेट अहिराणी. "हाई काय शे?" असं फळ्याकडून ऐकू आलं की आमच्यापैकी कोणाची तरी वही त्यांच्या हातात आहे, हे न बघता कळायचं.

आणि मग ते वाक्य यायचं. "जाय, देखी ये." जा, बघून ये.

ते पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सहावीत होते. आईवर निबंध लिहायचा होता. मी गाइडमधून बघून लिहिलं की माय मदर इज व्हेरी नाइस, शी कुक्स नाइस फूड, शी लव्ह्ज मी व्हेरी मच. अक्षर वळणदार, चूक एक नाही. मला वाटलं, आता शाबासकी. बाईंनी वही वाचली, मिटली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही कोणाची आई?"

"माझी, बाई."

"ही तर या सगळ्यांची आई आहे. हिला, त्याला, कोणालाही चालेल. तुझी कुठे आहे? जाय, देखी ये."

मला वाटलं, उद्या बघून ये. तर नाही, आत्ताच. मी भर क्लासमधून उठून घरी गेले. आमचं घर दोन गल्ल्या सोडून. आईला वाटलं, पोरगी आजारी पडून आली. मी म्हटलं, काही नाही, तुला बघायला आलेय, तू तुझं काम कर. ती म्हणाली, "डोक्यावर पडलीस का?" आणि कामाला लागली. बाबांची सेकंड शिफ्ट होती, त्यांचा डबा नेणारा यायचा होता. आई पोळ्या लाटत होती आणि मधेच, ओट्याशी उभी राहून, तव्यावरच्या पोळीचा तुकडा भाजीत बुडवून तोंडात टाकत होती, एक डोळा घड्याळावर ठेवून. माझ्या जन्मापासून मी त्या घरात राहत होते आणि आई कधी जेवते हा प्रश्न मला पडलाच नव्हता. ती जेवत नव्हतीच, उभ्या उभ्या उरकत होती.

मी परत गेले आणि लिहिलं, माय मदर ईट्स स्टँडिंग. बाईंनी वाचलं. मग म्हणाल्या, "मग?"

हा "मग?" म्हणजे बाईंची सर्वांत मोठी पदवी. तो मिळाला की समजायचं, वाक्य जिवंत आहे, पुढचं लिहा. "गुड" वगैरे त्यांनी कधी कोणाच्या वहीवर लिहिलं नाही. घरी ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा आई चिडली. "घरातलं असलं काय लिहितेस? लोक काय म्हणतील, हिची आई जेवायला पण बसत नाही?" त्यानंतर ती बसून जेवायला लागली असं काही झालं नाही. आजही उभ्यानेच उरकते, आणि आजही मी तिला त्यावरून बोलते.

व्हेरी, नाइस आणि ब्यूटिफुल या तीन शब्दांना बाईंच्या क्लासमध्ये बंदी. त्या म्हणायच्या, "हे म्हणजे लग्नातले पाहुणे. सगळीकडे दिसतात, कामाला हात लावत नाहीत." चुकून कोणी लिहिलंच, तर ज्याला ब्यूटिफुल म्हटलं ते बघायला त्याची रवानगी. त्यामुळे आमच्या क्लासमधली निम्मी तरी पोरं कायम रस्त्यावर. कोणी कडुनिंबासमोर उभं, कोणी पंक्चरवाल्यासमोर, कोणी कंपनी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या सायकली आणि मोटरसायकली बघत. माझे बाबा एकदा तक्रार घेऊन आले होते. कंपनीत लेथवर काम करणारा सरळ माणूस, बाईंसमोर टोपी काढून उभा राहिला.

"बाई, क्लासच्या टायमाला पोरगी रसवंतीसमोर उभी होती."

"मीच पाठवली होती. काय करत होती?"

"काय नाय. नुसती बघत होती."

"मग बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "त्या बाई जरा वेगळ्याच हायेत. पण राहू दे पोरीला." दुसऱ्या क्लासमध्ये पाठ करायला छापील निबंध मिळायचे, आणि बऱ्याच आईबापांनी पोरं तिकडे नेलीही. बाईंनी कोणाला अडवलं नाही. फक्त वाटेत ते पोर भेटलं की विचारायच्या, "काय बघितलंस आज?"

व्याकरणाचं तर विचारूच नका. 'अ' आणि 'द' मधला फरक आम्हाला असा शिकवला: रस्त्यावर दिसलं ते 'अ डॉग', आणि ते चावलं की 'द डॉग', कारण आता तुमची ओळख झाली. आमच्यातल्या एकाला खरंच कुत्रं चावलं होतं. तो बिचारा पोटरीला पट्टी बांधून मोठ्या अभिमानाने 'द डॉग, द डॉग' करत फिरायचा.

आणि टेन्स शिकवायचे तर बाई दूध तापवायच्या. सगळ्यांना ओट्याभोवती उभं करायचं, पातेलं गॅसवर ठेवायचं, आणि नियम एकच: दुधाचं जे चाललंय ते बरोबर वाक्यात कोणीतरी सांगितल्याशिवाय गॅसच्या बटणाला हात लावायचा नाही. दूध थंड असेपर्यंत आम्ही सगळे पंडित. द मिल्क इज गेटिंग हॉट, द मिल्क इज गेटिंग हॉट. साय धरायला लागली, कडेने बुडबुडे आले, की आमची तंतरायची. एक म्हणणार, द मिल्क विल बॉइल्ड. दुसरा म्हणणार, द मिल्क इज बॉइल. बाई हाताची घडी घालून उभ्या. एकदा दोघं असेच भांडत राहिले, आणि दूध फसफसत वर आलं, पातेल्याबाहेर पडलं, ओट्यावरून खाली सतरंजीपर्यंत गेलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "आता सांगा."

मागून एक किरकोळ मुलगी म्हणाली, "द मिल्क हॅज बॉइल्ड ओव्हर."

बाईंनी गॅस बंद केला. उरलेलं दूध त्या मुलीला मोठा पेला भरून दिलं, आम्हाला फडकी दिली. इतकी वर्षं झाली, पण माझ्या घरी दूध उतू गेलं की आधी तोंडातून ते वाक्य निघतं आणि मग "अगं बाई". नवऱ्याला हे अजून विचित्र वाटतं.

मी शिक्षिका झाले ती बाईंमुळेच, आणि त्यांच्याइतकी वेडी होऊ शकले नाही याची खंत मला आहे. शाळेत एका वर्गात पंचावन्न पोरं, पोर्शन संपवायचा, मी कोणाला कडुनिंब बघायला पाठवणार? पण डोळे अधू झाल्यावर बाईंना वह्या वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं, तेव्हा मी आपणहून गेले. शाळा सुटली की थेट गाळ्यावर. पोरं स्वतःचं वाचतात, ज्याचं अक्षर त्याला स्वतःलाच लागत नाही त्याचं मी वाचते, आणि बाई भिंतीला टेकून ऐकतात. वाटलं होतं, आता बाई नरम पडतील. कसलं काय.

मध्यंतरी एका पोराने पावसावर असा झकास निबंध आणला की मीही चाट पडले. बाईंनी शेवटपर्यंत ऐकला. "कोणी लिहिला?"

पोरगं प्रामाणिक. "मोबाईलने, बाई."

"मोबाईल गेला होता का भिजायला?"

"नाही, बाई."

"तू गेला होतास?"

"हो. माझा एक बूट गटारीत वाहून गेला."

"मग तो बूट कुठंय निबंधात?" बाई म्हणाल्या. पोरगं खाली बसलं आणि बूट लिहायला लागलं.

तर असा सगळा प्रकार, आणि दिवाळीनंतर एक दिवस भाचा आला. माणूस चांगला आहे हो. उगाच खलनायक करण्यात अर्थ नाही. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, स्वतः गाडी चालवत आला, येताना आत्यासाठी मऊ शाल आणली. बूट दारात काढले आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. "आत्या, तुला वही दिसत नाही, फळा दिसत नाही. शिकवणार कशी तू? हट्ट किती करायचा माणसाने?"

"बस," बाई म्हणाल्या. "क्लास बघ. मग बोल."

एक मुलगी उभी राहून वाचायला लागली. शेजारचा टेलर निळा शर्ट शिवतोय, असं काहीसं तिने लिहिलं होतं. बाईंनी हात वर केला. "मशीन चालू आहे का गं?"

सगळे गप्प झाले आणि कान देऊन ऐकायला लागले. मशीनचा आवाज नव्हता. कालपासूनच नव्हता, टेलर गावाला गेला होता, आणि हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. "बंद शटर बघून निळा शर्ट दिसला होय? जाय, देखी ये," बाई म्हणाल्या, आणि ती मुलगी जीभ चावत पळाली.

भाचा हसला. "लागला एकदा अंदाज बरोबर, आत्या."

"तू पण जा," बाई म्हणाल्या. "समोर चहाची टपरी आहे. बघून ये आणि पोरांना इंग्रजीत सांग."

तो उठला, दारापर्यंत गेला, फोन काढून काहीतरी बघितलं, आणि परत येऊन फर्ड्या इंग्रजीत म्हणाला, "देअर इज अ टी स्टॉल. इट इज व्हेरी क्राउडेड. नाइस अ‍ॅटमॉस्फिअर."

एका दमात व्हेरी आणि नाइस दोन्ही. पोरांनी श्वास रोखला. बाई म्हणाल्या, "तू बूट घातले नाहीस."

"काय?"

"बुटांचा आवाज आला नाही. मोज्यांवर दारापर्यंत गेलास आणि परत आलास. जाय, देखी ये."

पोरं जी हसत सुटली, ती थांबेनात. मीही तोंडाला पदर लावला. भाचा कानापर्यंत लाल झाला, पण शहाणा माणूस, वाद घातला नाही. बूट घातले, नाड्या बांधल्या आणि गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हळूहळू, इंग्रजीतच, शब्द शोधत बोलायला लागला, आणि मधेच इंग्रजी सोडून मराठीत आला.

"टपरीवाल्याकडे सगळे ग्लास एकसारखे आहेत. एकच वेगळा आहे, जाड बुडाचा. तो त्याने बाजूला पालथा घालून ठेवलाय. मी त्यात चहा मागितला, तर नाही म्हणाला. तो बाईंचा आहे म्हणाला. बाकीचे ग्लास हलके, बाईंच्या हातून कलंडतात. हा जड आहे, हाताला कळतो. म्हणून त्याने मुद्दाम शोधून आणला."

बाईंनी मान वर केली.

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग काही नाही, आत्या," भाचा म्हणाला, आणि चष्मा काढून पुसत बसला.

त्या दिवशी तो एकटाच परत गेला. पण गाडीत बसताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आज मी हरलो. पण तुम्ही रोज बघता, म्हणून तुम्हाला दिसत नाही. ती किती बारीक झालीय. एकटी असते. पडली-बिडली तर?" त्याचं खोटं नव्हतं ना काही.

म्हणून हा गृहपाठ अवघड आहे. बाई छान दिसतात, असं मी आधी लिहिलं, आणि खोडलं. बाई अजून ठणठणीत आहेत, असं लिहिलं, तेही खोडलं. कारण मला माहीत आहे मी काय करतेय. मला बाई इथे हव्या आहेत. या गाळ्यात, या भिंतीला टेकून. त्या गेल्या तर संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी कुठे जाऊ, हे मला खरंच कळत नाही. पण मी खोटं लिहिलं आणि त्यांनी ते खरं मानलं, तर आजवर त्यांनी मला काय शिकवलं? आणि खरं लिहिलं तर मीच त्यांना पुण्याच्या गाडीत बसवल्यासारखं होईल. इकडे आड तिकडे विहीर.

इथपर्यंत लिहून शनिवारी दुपारी, पोरं यायच्या आधी, मी बाईंना वाचून दाखवलं. आईचं आलं तेव्हा त्या हसल्या. दुधाचं आलं तेव्हा म्हणाल्या, "ती सतरंजी अजून वास मारते." भाच्याचं निमूट ऐकलं. विहिरीपाशी मी थांबले.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"दूध आहे, कुत्रं आहे, भाच्याचे बूट आहेत. माझं तोंड कुठंय?"

तोंडाबद्दल एक अक्षर मी लिहिलं नव्हतं. सगळीकडून फिरून आले होते आणि तिथेच गेले नव्हते.

"घाबरलीस," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "समोर बसलेय की. जाय, देखी ये."

मग मी त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले आणि बघितलं. दारातून ऊन आत येत होतं. मी बघत गेले आणि जे दिसलं ते मोठ्याने बोलत वहीत लिहीत गेले.

केस सगळे पांढरे, पण वेणी घट्ट, एक केस बाहेर नाही. टिकली अंदाजाने लावतात, म्हणून ती डाव्या भुवईकडे सरकली आहे. गाल आत गेलेत. मानेची शीर दिसते. चेहरा थकलेला आहे. हो बाई, थकलेला आहे. भाचा खरं बोलला. ओठ मात्र थकलेले नाहीत. कोणी वाचायला लागलं की ते आधी हलतात, आत्ताही हलतायत, माझ्या पुढच्या शब्दासाठी. डोळे तपकिरी. ते माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या डाव्या खांद्याच्या बाजूला, भिंतीकडे बघतात.

एवढं लिहिलं आणि मला पुढचं लिहवेना. पेन खाली ठेवला, आणि काही न ठरवता थोडी डावीकडे सरकून बसले. आता ते डोळे बरोबर माझ्या तोंडावर होते.

सतरंजीची सळसळ झाली. बाईंनी मान तिरपी केली.

"सरकलीस?"

"हो."

"का गं?"

"तुम्ही इकडे बघत होतात," मी म्हटलं.

बाहेर टपरीवर ग्लास विसळल्याचा आवाज येत होता. मग बाईंनी हात पुढे करून चाचपत माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "हे लिहिलंस का?"

"नाही."

"मग लिही की."

मी लिहिलं. लिहिताना डोळे पुसत होते, ते त्यांना दिसत नव्हतं, पण नाक ओढलेलं ऐकू गेलं असणार. लिहून झाल्यावर मी हिय्या करून विचारलं, "मग पुण्याचं काय करायचं, बाई? मी तर चेहरा थकलेला आहे असं लिहिलंय."

"लिहिलंस ते बरोबर आहे. थकलेच आहे मी. भाचा चांगला आहे. त्याचं घर मोठं आहे. पण तिथे मी भिंतीकडे बघत बसले, तर सरकून कोण बसणार?"

पोरांच्या चपलांचा आवाज गाळ्याच्या पायरीवर यायला लागला. बाईंनी माझं मनगट सोडलं, पदर सारखा केला आणि टिकली चाचपून अंदाजाने मधे सरकवली. ती पुन्हा थोडी चुकली.

"आणि सोमवारी येताना दूध आण," त्या म्हणाल्या. "सहावीचे टेन्स राहिलेत."